कळशीवरची अक्षरं

माझं शिक्षण चौथी. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढं कुणी माझ्या लिहिण्यावर बोट ठेवलं तर निदान धडकी भरणार नाही. धडकी तशी मला कशानंही भरते. मी कोकणात एका बालवाडीत मावशी म्हणून काम करते. तिथल्या बाई नुसतं "जरा इकडे या" म्हणाल्या, तरी मी मनातल्या मनात कपड्यांची पिशवी भरायला लागते.

नवरा चिऱ्याच्या खाणीवर आहे, म्हणून आम्ही इकडं. गाव आमचं बीड जिल्ह्यात, चकलांब्याच्या पलीकडं. इथं पाऊस लागला की आठ-आठ दिवस उघडत नाही, तरी मी पागोळीखाली कळशी लावते. शेजारीण रोज हसते. "अगो, विहीर भरून वाहतेय, आणि तू कळशी कसली लावतेस?" मीही हसते. पण लावते. कळशी पितळेची आहे, तळाला थोडी चेपलेली, आणि तिच्या गळ्याखाली ठिपक्याठिपक्यांनी अक्षरं घातलेली आहेत. मला जे काही वाचता येतं, त्याच्या मुळाशी ती कळशी आहे. तिचीच गोष्ट सांगायची आहे.

मला पाच संपून सहावं लागलं होतं, त्या साली पावसाळा झालाच नाही. भादव्यातच गावात टँकर सुरू झाला. टँकर थांबायचा दूध सोसायटीसमोर, कारण डांबरी तेवढ्यापर्यंतच होती. सोसायटीत दूध येणं बंद पडलं होतं. जनावरांना चारा नाही तर दूध कुठलं? फॅट काढायचं मशीन गोणपाटाखाली झाकून ठेवलेलं, कॅन पालथे घातलेले. ती खोली रिकामीच पडली, म्हणून सेक्रेटरीनं ती बालवाडीला दिली. आमच्या बालवाडीची आधीची खोली पडायला आली होती.

बालवाडीच्या ताई गावच्याच सून होत्या. दहावीला बसलेल्या, पण गणितात राहिलेल्या. ते त्या कधी लपवायच्या नाहीत. "मी नापास हाय, म्हनून मला म्हाईत हाय कुटं अडतं ते," असं म्हणायच्या. त्यांच्याकडं एक अक्षरांचा तक्ता होता, त्याचा अर्धा भाग उंदरांनी खाल्लेला. खेळणी म्हणाल तर चिंचोके आणि दोन फुटक्या बाहुल्या. पण दारासमोर टँकरची रांग असायची. बायका पहाटेच येऊन आपापली घागर, हंडा, कळशी रांगेत ठेवून जायच्या. माणूस घरी, भांडं रांगेत. दुपारपर्यंत डांबरीच्या कडेला शंभरभर भांडी उन्हात उभी असायची, आणि जवळजवळ प्रत्येक भांड्यावर नाव घातलेलं.

एक दिवस ताईंनी आम्हा पोरांना बाहेर आणलं आणि रांगेजवळ बसवलं. "हात लावा. पर जागेवरनं हलवायचं न्हाई."

ठिपक्यांची अक्षरं बोटाला लागतात. डोळे मिटले तरी लागतात. मी एका घागरीवर बोट फिरवलं आणि विचारलं, "ताई, हे काय हाय?"

ताई कधीच लगेच सांगायच्या नाहीत. "तूच सांग की, कशावानी दिसतं?"

मी बघत बसले. मला दिसली एक बाई. कमरेवर एका बाजूला पोर, दुसऱ्या बाजूला हात टेकलेला. तसं सांगितलं. ताईंनी हसून मान डोलवली. "बरोबर बगितलंस. ती बाई म्हंजे क." 'ट' म्हणजे खुंटीला टांगलेला विळा. तो प्रत्येक भांड्यावर सापडायचा, कारण प्रत्येक भांड्यावर 'भेट' असायचंच. 'कडून' तर मी शब्दाचा शब्दच ओळखायला लागले. रांगेतून पळत जायचं आणि ओरडायचं, "कडून! कडून! हितंबी कडून!" तशी मजा मला पुढं जत्रेत पाळण्यात बसूनही आली नाही.

घरी मात्र वेगळंच चाललं होतं. दसरा झाला की मुकादमाचा ट्रक येणार होता. आई-वडील दरसाल ऊसतोडीला जायचे, पश्चिमेकडं, सहकारी कारखान्यांच्या भागात. आधीच्या साली मीही गेले होते, पण तेव्हा नुसती खेळायला. आता भाऊ सात महिन्यांचा होता. आई फडात गेल्यावर कोपीवर, म्हणजे तोडकऱ्यांच्या पाचटाच्या खोपटात, त्याला सांभाळायला कुणीतरी हवं होतं, आणि ते कुणीतरी म्हणजे मी.

"ट्रक आला की चल," आई म्हणाली होती.

"बालवाडी?"

"बालवाडीत काय हाय? खिचडीच ना? ती तिकडं मी करून घालते."

मला खिचडी नको होती, मला रांग हवी होती. अजून कितीतरी भांडी वाचायची राहिली होती. पण हे आईला कसं सांगायचं? मी चुलतीजवळ राहते म्हणाले, तर आईनं बाळ माझ्या मांडीवर ठेवलं आणि ती शेण गोळा करायला निघून गेली. तेच उत्तर.

आणि त्यात मी तो घोळ घातला.

झालं असं, की दोन बायकांचं एका स्टीलच्या कळशीवरून भांडण लागलं. दोघी म्हणत होत्या माझी. गावात स्टीलच्या कळशा सगळ्या एकसारख्या होत्या, कारण बऱ्या सालात दूध सोसायटीनं दिवाळीला दूध घालणाऱ्या प्रत्येक घरी एकेक वाटलेली. कुणी गळ्याला चिंधी बांधायचं, कुणी आत खूण म्हणून खडा टाकायचं. त्या दिवशी चिंधी सुटली होती. भांडण पार माहेरापर्यंत गेलं.

मी दारातून ऐकत होते आणि मला नवल वाटत होतं. एवढी मोठी माणसं भांडतात कावून? नाव तर लिहिलेलं आहे! बालवाडीत आमच्या ताटल्यांवर ताईंनी रंगानं नावं लिहिली होती. जिचं नाव, तिची ताटली. भांड्यावर देणाऱ्याचं नाव घालतात, घेणाऱ्याचं नाही, हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. सांगणार तरी कोण? मोठ्यांना ते इतकं माहीत असतं, की ते सांगण्यासारखं काही आहे असंही त्यांना वाटत नाही.

दुसऱ्या दिवशी ताई आत खिचडीला फोडणी देत होत्या. मी बाहेर येऊन कळशा वाचल्या. त्यांच्यावर काय आहे ते मी ताईंना आदल्याच आठवड्यात विचारून ठेवलं होतं. 'चेअरमन' हा शब्द मला आता दुरून ओळखू यायचा, कारण तो सोसायटीच्या पाटीवरही होता. एक कळशी चेअरमनची. दुसरी चेअरमनची. तिसरीही त्यांचीच. मला वाटलं, बघा, माणूस किती भोळा आहे, आपल्या इतक्या कळशा लोकांत राहून गेल्यात आणि बोलतसुद्धा नाही.

चेअरमनचं घर सोसायटीच्या भिंतीला लागूनच होतं. मी बालवाडीची सगळी पोरं कामाला लावली. दोघं दोघं मिळून एक कळशी. आवाज करायचा नाही म्हणून बजावलं होतं, तरी एक घरंगळत गेलीच. वीसेक कळशा आम्ही त्यांच्या ओट्यापुढं ओळीत लावल्या. ओळ सरळ आहे का, तेसुद्धा मी पाहिलं. आणि आत येऊन शहाण्यासारखी मांडी घालून खिचडीची वाट बघत बसले.

टँकरचा हॉर्न वाजला. बायका धावत आल्या.

"आगं बया, माजी कळशी कुटं गेली?"

"माजीबी न्हाई! आता तर हितं ठिवलीती!"

"आवं, रांगच पळवली की कुनी!"

टँकरवाला खिडकीतून ओरडत होता, "लवकर करा, मला अजून दोन गावं हायत!" तेवढ्यात कुणाला तरी चेअरमनच्या दारातली चमक दिसली. सगळा घोळका तिकडं वळला. चेअरमन नुकते जेवून सुपारी कातरत बाहेर आले होते. दारात वीस कळशांची पलटण उभी बघून त्यांची सुपारी हातातच राहिली.

"आरं, ही कशाची वरात?"

"तेच आमी इचारतोय मालक. आमच्या कळशा तुमच्या दारात कावून?"

"पानी आता तुमच्या वट्यावर वाटायचं ठरलं व्हय?"

मागून एका म्हातारीनं जोरात टाकलं, "दिलेली भेट म्हागारी घेताय व्हय चेअरमन, दुष्काळ पडला म्हनून?"

सगळ्या हसल्या. चेअरमन लाल झाले. ताई हातातला झारा घेऊन तशाच बाहेर आल्या आणि आम्हा पोरांचे चेहरे बघून त्यांना कळायचं ते कळलं.

"कुनी केलं?"

पोरांनी एकसाथ माझ्याकडं बोटं केली. एक क्षणसुद्धा विचार केला नाही मेल्यांनी.

"कावून केलंस?"

मी म्हणाले, "नाव त्यांचं हाय."

"कुटं हाय?"

मी पहिल्या कळशीजवळ गेले. बोट ठेवलं आणि वाचलं, "चे-अ-र-म-न." मग पुढचं मधलं काही येईना, ते सोडून दिलं आणि शेवटचं घाईनं म्हटलं, "कडून. भेट."

टँकरवालासुद्धा खिडकीतून वाकून बघायला लागला. मग चेअरमन मोठ्यांदा हसले. "आरं, पोरगी माजी इस्टेट गोळा करून द्यायलीय की! कुनाची हाय ही?"

आणि नेमकी त्याच वेळी आई आली, कडेवर भाऊ. तिला फक्त एवढंच कळलं होतं, की आपल्या लेकीनं गावाची रांग मोडली. तिनं पाठीत असा धपाटा घातला, की वाचलेली सगळी अक्षरं विस्कटली. रांगेतली एक बाई म्हणाली, "बालवाडीत हेच शिकवत्यात व्हय? ने बाई तिला उसाला."

"नेतेच," आई म्हणाली. ताईंकडं वळून म्हणाली, "नाव काढा हिचं आजच."

ताई म्हणाल्या, "वैनी, रांग मोडली हे चुकलं. पर तिनं वाचलं, हे तुमी बगितलं का?"

आईनं मला बखोटीला धरून घरी आणलं. त्या दिवशी आमच्या घरात पाणी आलं ते शेजारणीच्या हंड्यातलं अर्धं.

मी भिंतीला तोंड लावून बसले होते. रडून झालं होतं. मागं भांड्यांचा आवाज आला. आईनं कोपऱ्यातली भांडी एकावर एक उतरवली आणि तळातून पितळेची कळशी काढली. ही कळशी ती रांगेत कधीच न्यायची नाही. ती तिच्या लग्नातली. मामानं डोक्यावरून आणून दिली होती, म्हणून ती 'भावाची कळशी'. मामा आला की पाणी त्यातूनच दिलं जायचं.

तिनं ती माझ्यापुढं ठेवली. आवाज अजून रागाचाच होता. "लई वाचती ना? वाच. हिच्यावर काय हाय?"

मी बोट फिरवलं. पितळ घासून घासून ठिपके मऊ झाले होते. पहिला शब्द मला येईना. शेवटचा आला, तो मी जन्मात विसरणार नव्हते. "कडून."

"कुनाकडनं?"

त्याला जोडून आधी फक्त दोन अक्षरं होती. ती तर तक्त्याच्या न खाल्लेल्या अर्ध्या भागात होती, आणि ताईंनी सगळ्यात आधी शिकवलेली.

"आई," मी म्हणाले. "आईकडून."

"नीट बग. मामाचं नाव असंल."

"मामाचं न्हाई. आईकडून."

आई खाली बसली. तिची आई तिच्या लग्नानंतर पहिल्याच पावसाळ्यात गेली होती. लोकांच्या रानात मजुरी करणारी विधवा बाई. लग्नातल्या भांड्यांवर तिचं नाव कोण घालणार? तिनं कुठल्याशा दुकानात बसून स्वतःचं नाव न घालता एवढंच घालून घेतलं असेल, आणि कळशी लेकाच्या डोक्यावर दिली असेल. तिलाही वाचता येत नव्हतं, लेकीलाही नाही. कळशी दहा वर्षं घरात होती, तिच्यावर लिहिलेलं घरात कुणाला माहीत नव्हतं.

"परत वाच," आई म्हणाली.

मी परत वाचलं. चारदा वाचायला लावलं तिनं. मग माझं बोट धरून स्वतःचं बोट त्याच्या जागी ठेवलं आणि विचारलं, "आई कुटं सुरू हुतं?" मी दाखवलं. "आन् पैला शबूद कशाचा?"

"तो मला येत न्हाई."

"ते माजं नाव असंल," ती म्हणाली. थोड्या वेळानं म्हणाली, "उंद्या ताईला इचारून ये, माजं नाव कसं असतंय." म्हणजे उद्या बालवाडीत जायचं होतं. मी पुन्हा काही विचारलं नाही, ती बदलेल या भीतीनं.

दसऱ्यानंतर ट्रक आला. भाऊ आईच्या पाठीला, मी चुलतीच्या हाताला. ट्रक हलताना आई वरून ओरडली, "कळशी रांगंत नेऊ नको!"

त्या हंगामात माझ्या वाट्याचं काम आईनं कसं केलं, ते मला नंतर कळलं. फडाच्या कडेला गाडी उभी करायची आणि जुन्या लुगड्याची पट्टी भावाच्या कमरेला बांधून ती चाकाला अडकवायची. तो तिथंच रांगायला शिकला, चाकाला धरूनच उभा राहिला. आज तो ट्रॅक्टर चालवतो आणि मला चिडवतो, "आक्का, तू शिकावी म्हनून मी वरीसभर दाव्याला हुतो." सगळे हसतात, मीही हसते. पण ते माझ्या आत कुठंतरी रुतून बसतं. एवढं करून मी शिकले किती, तर चौथी. पाचवीची शाळा लांब होती, पुन्हा तसलंच साल आलं, वडिलांची कंबर गेली, आणि आईच्या जोडीला कोयता धरायला मीच होते. ताई घरी येऊन भांडल्या, आई रडली. पण कुणाचा इलाज नव्हता. मला कुणाचा राग नाही.

वाचणं मात्र सुटलं नाही. उसाच्या फडात वाचायला काय असतं म्हणाल, तर पुष्कळ असतं. साखरेच्या पोत्यावर असतं, ट्रॉलीच्या मागं असतं, कारखान्याच्या फाटकावर असतं, भजी बांधून आलेल्या कागदावर असतं. भजी संपली तरी कागद माझ्याकडंच यायचा. मुकादम म्हणायचा, "ही पोरगी कागुदबी खाईल." मी नजर खाली घालायचे आणि वाचत राहायचे.

आता इथली गोष्ट. गेल्या पावसाळ्यात बाई महिनाभर आजारी होत्या आणि पोरं माझ्यावर होती. नुसती सांभाळायची, एवढंच काम. शिकवायला मी कोण? त्यात एक चार वर्षांची मुलगी, दारात आली की रडायला सुरुवात. तक्ते रंगीत, खेळणी ढीगभर, पण ती कशाकडं बघायची नाही. शेवटी मी घरून कळशी आणली आणि तिच्यापुढं ठेवली. ती हुंदके देत देत बोट फिरवायला लागली.

"मावशी, हे काय आहे?"

माझ्या ओठांवर उत्तर आलं होतं. मी ते गिळलं. "तूच सांग, कशासारखं दिसतं?"

तिला 'क' मध्ये फुलपाखरू दिसलं. पोर कडेवर घेतलेली बाई तिला कशी दिसेल? तिचं तिला दिसलं, ते बरोबरच होतं. आठ दिवसांत रडणं थांबलं. मग बाकीची पोरंही आली, कळशीभोवती गोल करून बसायला लागली.

बाई परत आल्या त्याच आठवड्यात त्या मुलीची आई दारात उभी. हातात नवा कोरा स्टीलचा डबा. "हे बघा काय केलंय हिनं! खिळ्यानं! आणि विचारलं तर म्हणते, मावशीच्या कळशीवर असतं."

बाईंनी डबा घेतला आणि म्हणाल्या, "मावशी, जरा इकडे या."

मी मनात पिशवी भरली. नवऱ्याला काय सांगायचं तेही ठरवलं. पुढं जाऊन डबा बघितला. झाकणावर वाकडंतिकडं, अक्षरं एकमेकांवर चढलेली, पण वाचता येत होतं. आईकडून. तिनं आयुष्यात एवढंच भांडं वाचलं होतं. तिला वाटलं असणार, भांड्यावर हेच लिहायचं असतं.

"हे तुम्ही गिरवून घेतलंत?" बाईंनी विचारलं.

"न्हाई... नाही बाई. फक्त हात लावू दिला."

बाई त्या मुलीच्या आईकडं वळल्या. "अहो, लिहिलंय काय ते वाचलंत का?" तिनं रागाच्या भरात वाचलं नव्हतं. आता वाचलं. डबा तिनं परत मागितला, पण तो पिशवीत टाकला नाही, हातातच धरून नेला.

माझ्याकडं बघून बाई म्हणाल्या, "जूनपासून लहान गट तुम्ही घ्या. मी असेनच बरोबर. आणि खिळे तेवढे उचलून ठेवा."

मी चौथी आहे, हे मी त्यांना पुन्हा एकदा सांगितलं. "माहीत आहे," त्या म्हणाल्या. मला माझ्या ताईंचं ते 'कुटं अडतं ते म्हाईत हाय' आठवलं, आणि कित्येक वर्षांत पहिल्यांदा माझी मान आपोआप ताठ झाली.

त्या संध्याकाळी आईला फोन लावला. ती नेहमीसारखी आधी पाण्याचं विचारते. इथं पाऊस पडतोय, एवढं ऐकलं तरी तिला बरं वाटतं. मग मी सांगितलं, की लहान पोरांचा वर्ग मला दिला, आणि कळशी मी रोज तिकडं नेते, सगळी पोरं तिला हात लावतात.

पलीकडून भांड्यांचा आवाज येत होता, तो थांबला. मला वाटलं फोन कटला.

"आई?"

"हाय की," ती म्हणाली. "हात लावू दे. पर तू ती लई घासत जाऊ नको. अक्षरं झिजत्यात."